मानेवरची जट : विंचरावी, कापावी की राखावी?

नागपूरच्या उन्हाळ्यात दुचाकीवरून जाणारी बाई सहसा ओळखू येत नाही. डोळे सोडले तर सगळा चेहरा दुपट्ट्यात आणि दुपट्ट्याची गाठ मानेमागे. पारा ४५ अंशांकडे सरकला की त्या गाठीला पर्याय उरत नाही. लकडगंजात, लाकडाच्या वखारी आणि आरा मशीनच्या गल्ल्यांमध्ये, घामाच्या जोडीला बारीक भुसाही असतो. संध्याकाळी दुपट्टा सोडला की मानेवरचे केस एकमेकांत अडकलेले सापडतात. कंगवा वरून सरळ येतो आणि तिथे अडतो.

बहुतेक घरांत हा गुंता पाच-दहा मिनिटांत, थोड्या आरडाओरड्यासह सुटतो. काही घरांत वेळ नसतो म्हणून तो राहून जातो. आणि काही घरांत तो सोडवायचाच नाही असं ठरतं. तिथून पुढे त्याला जट म्हणतात. मग त्यावर बोलायला त्वचारोगतज्ज्ञ येतात, देवीचे भक्त येतात, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते येतात, मानववंशशास्त्राचे अभ्यासक येतात आणि शेवटी कायदाही येतो. महाराष्ट्रात गेली अनेक दशकं ही चर्चा चालू आहे. तिच्यात कोण काय म्हणतं आणि काय अजून ठरलेलं नाही, हे एकत्र पाहण्याचा हा प्रयत्न आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. वाद झाला तो जवळजवळ सगळा वाढलेल्या, हातभर लोंबणाऱ्या जटेवर. गुंत्याची जट होते ते सुरुवातीचे काही आठवडे या चर्चेत फारसे आलेले नाहीत.

मानेवरच का?

केसाच्या बाहेरच्या थरावर सूक्ष्म खवले असतात. मुळाकडून टोकाकडे ते एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे केस एका दिशेने गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने खरखरीत. घर्षण आणि ओल एकत्र आली की हे खवले उचलले जातात आणि शेजारच्या केसांत अडकतात. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळून धुतला की आटून घट्ट होतो, तीच ही क्रिया. एकदा ती पुरती झाली की लोकरीचा धागा जसा वेगळा काढता येत नाही, तसा केसही येत नाही.

यात गळणाऱ्या केसांचा वाटा मोठा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. निरोगी डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. विंचरलं तर ते कंगव्यात येतात. विंचरलं नाही तर ते मुळापासून सुटूनही तिथेच राहतात आणि जिवंत केसांना गुंडाळून बसतात. म्हणजे जटेतले कितीतरी केस डोक्याचे उरलेलेच नसतात, फक्त अडकून पडलेले असतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे फूटभर जट पाहिली की ती निदान अडीच वर्षांची असावी असा अंदाज बांधता येतो. आधीच लांब असलेले केस एकदम गुंतले असतील तर हा हिशेब चुकतो.

मान ही या सगळ्यासाठी सोयीची जागा आहे. उशी तिथे घासते, कॉलर तिथे घासते, दुपट्ट्याची गाठ तिथेच येते. मंगळसूत्राचा आकडा आणि सोनसाखळीची कडी बारीक केस ओढून धरते. घाम तिथे साचतो आणि वरचे लांब केस त्यावर झाकण घालतात, म्हणून तो लवकर वाळत नाही. शिवाय ही जागा आरशात दिसत नाही. घाईत वरून कंगवा फिरवून वेणी घातली तर मानेलगतचा थर कित्येक दिवस तसाच राहू शकतो. तापानं अंथरुणाला खिळलेलं माणूस, डोक्याला फडकं बांधून पडून असलेली बाळंतीण, आणि मनाच्या आजारानं स्वतःकडे पाहणंच सोडून दिलेली बाई, या तिघांच्या मानेवर गुंता होण्याची कारणं तपशिलात वेगळी असतील, यंत्रणा एकच आहे.

घरगुती उपायांची स्थिती

साधा गुंता कसा सोडवावा याबद्दल फारसा वाद नाही. टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जायचं, गुंत्याच्या वरची बट मुठीत घट्ट धरायची म्हणजे ओढ मुळाला बसत नाही, मोठ्या दातांचा कंगवा वापरायचा, आणि कंगव्याआधी बोटं. आपल्याकडे आज्या हेच सांगत आल्या आणि त्वचारोगतज्ज्ञही हेच सांगतात.

ओले केस विंचरावेत की कोरडे, हा प्रश्न मात्र दोन्हीकडून मांडला जातो. पाणी शोषून केस फुगतो आणि जास्त ताणला जातो. त्यामुळे ओला असताना ओढला तर तो तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून सरळ केसांच्या लोकांनी थोडं वाळल्यावर विंचरावं आणि दाट कुरळ्या केसांच्या लोकांनी ओलसर असतानाच, असा सल्ला अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीसारख्या संस्था देतात. मराठी घरांत केसांचे सगळे प्रकार एकाच छपराखाली सापडतात. नियम मात्र घरातली मोठी बाई घालून देते तो एकच असतो. कुरळ्या केसांच्या मुलीला लहानपणी जास्त रडावं लागतं याचं एक कारण हेही असणार.

तेलाच्या बाबतीत एक भारतीय अभ्यास वारंवार पुढे केला जातो. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली. केसांतल्या प्रथिनांची झीज तिघांपैकी फक्त खोबरेलानं कमी केली, असं त्यांना दिसलं. खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते केसाच्या आत शिरतात, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं. अभ्यास नीट केलेला आहे. पण तो खोबरेल तेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातून आला, हे वाचकानं ध्यानात ठेवायला हवं. आणि तो झिजेबद्दल आहे, गुंता सुटण्याबद्दल नाही. गुंता सोडवताना तेल उपयोगी पडतं ते घर्षण कमी करतं म्हणून, आणि तेवढ्यापुरतं कुठलंही तेल चालतं. कंडिशनर तेच काम दुसऱ्या वाटेनं करतो. त्यातले धनभारित रेणू केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात आणि खवले बसवतात. कपड्याच्या साबणानं केस धुणं हे याच्या बरोबर उलट.

पाण्याबद्दल नागपुरात ठाम मतं ऐकू येतात. नळाला येणारं पेंच आणि कन्हानचं पाणी चांगलं, आणि बोअरच्या पाण्यानं केस झाडूसारखे होतात, हे मत पूर्व नागपुरातल्या कुठल्याही जिन्यावर ऐकायला मिळेल. संशोधन एवढं ठाम नाही. कोइमतूरच्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जड पाण्यानं केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे पाकिस्तानातल्या एका अभ्यासात तो पडला. क्षारांचा थर बसून केस खरखरीत होतो आणि खरखरीत केस अधिक गुंततो, हे तर्काला पटतं. त्यापलीकडे जाऊन बोअरला दोष देणं घाईचं ठरेल.

वैद्यकातली जट

गुंता इतका घट्ट होतो की विंचरून सुटतच नाही, या अवस्थेची वैद्यकीय नोंद युरोपात जुनी आहे. पोलंडमध्ये ती इतकी आढळे की तिचं नावच ‘प्लायका पोलोनिका’ पडलं. तिथल्या खेडुतांची समजूत अशी होती की शरीरातला आजार केसांतून बाहेर येतो आणि जट होते. ती कापली तर आजार परत आत जाईल, माणूस आंधळा होईल, वेडा होईल. १९व्या शतकाच्या मध्यात क्राकूवचे वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ दिएत्ल यांनी हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छतेचा आणि समजुतीचा परिणाम आहे, असं आग्रहानं मांडलं. हेच दिएत्ल पुढे क्राकूवचे नगराध्यक्ष झाले. कोल्हापूरच्या किंवा सोलापूरच्या खेड्यात जट कापण्याविषयी ऐकू येणारी भीती आणि पोलंडमधली भीती यांच्यात देव सोडला तर फारसा फरक नाही. दोन प्रदेशांचा एकमेकांशी संबंध नसताना हे घडलं. जटेबद्दलची भीती हे केवळ ‘आपलं’ मागासलेपण समजणाऱ्यांनी पोलंडचा इतिहास जरूर वाचावा.

१८८४ साली ल पाज नावाच्या डॉक्टरनं एका तरुण मुलीच्या केसांत अचानक झालेल्या जटेची नोंद करताना ‘न्यूरोपॅथिक’ हा शब्द वापरला, कारण त्याला तिचं मूळ मज्जासंस्थेत वाटलं. ते कारण आता कुणी मानत नाही, पण ‘प्लायका न्यूरोपॅथिका’ हे नाव टिकून आहे. आजचं वैद्यक कारणं सांगतं ती साधी आहेत : लांब केस, घर्षण, तीव्र साबण, न विंचरणं, आणि यांच्या मागे अनेकदा नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांमध्येही अशा जटा नोंदल्या गेल्या आहेत. तिथे गळणारे केस एकदम इतके वाढतात की ते उरलेल्या केसांत अडकतात. ‘रातोरात जट आली’ असं कुणी सांगितलं तर त्याला खोटारडं ठरवण्याची घाई करू नये. आदल्या दिवशी केस चोळून धुतले असतील आणि ते मुळातच कमकुवत असतील, तर एका धुण्यातही घट्ट जट होऊ शकते. भारतीय त्वचारोग नियतकालिकांतल्या अशा नोंदींमध्ये एक वाक्य पुन्हापुन्हा भेटतं : धार्मिक कारणानं रुग्णानं केस कापू दिले नाहीत.

उपचाराबाबत वैद्यकाचं मत दोन वाटांचं आहे. जट कोवळी असेल तर तेल किंवा कंडिशनर मुरवून, विणायच्या सुईसारख्या बारीक टोकाच्या साधनानं, एकेक बट मोकळी करायची. याला कित्येक बैठका लागतात. जट जुनी असेल तर कापायची. साधारणपणे मुळाशी बोटभर नवे मोकळे केस वाढलेले असतात आणि कात्री तिथून जाते, त्यामुळे कापणं बिनदुखीचं असतं.

देवाची जट

भारतात जटेला मान आहे, आणि तो फार जुना आहे. शंकराच्या जटेत गंगा आहे. तपस्व्याची जट म्हणजे त्यानं शृंगार आणि संसार सोडल्याची खूण. पण परंपरेच्या आतच एक तपशील आहे आणि तो या चर्चेत क्वचित येतो. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात, गंगा ओलांडण्यापूर्वी, राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि त्यानं स्वतःच्या आणि लक्ष्मणाच्या जटा वळतो. म्हणजे आदर्श मानल्या गेलेल्या जटा इथे कृपेनं उगवलेल्या नाहीत. ठरवून, चीक लावून केलेल्या आहेत. पुरुषाची जट ही त्यानं घेतलेल्या व्रताची खूण असते. बाईच्या डोक्यावर मात्र जट ‘येते’, आणि ती आली की तिचं पुढचं आयुष्य तिला विचारून ठरत नाही.

ही दुसरी जट महाराष्ट्रात प्रामुख्यानं यल्लम्माशी, म्हणजे रेणुकेशी, जोडलेली आहे. विदर्भातली माणसं रेणुकेला जातात ती माहूरला. जट आणि जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली बाई, यांची घट्ट सांगड दिसते ती सौंदत्तीच्या बाजूला : बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यात. मुलीच्या मानेवर गुंता दिसला, तो सुटेना झाला, की कुणीतरी म्हणायचं, देवीनं बोलावलंय. मग तेल-कंगवा थांबे, हळद-कुंकू सुरू होई. विंचरणं थांबलं की गुंता घट्ट होणारच. तो घट्ट झाला की देवीची इच्छा सिद्ध झाली असं मानलं जाई. पुढे अनेक मुलींच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, म्हणजे ‘दर्शन’, बांधून त्यांना देवीला सोडलं गेलं, देवदासी केलं गेलं. यातल्या बहुसंख्य मुली दलित कुटुंबांतल्या होत्या. मराठी साहित्यानं हे जग जवळून पाहिलं आहे. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’, राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या, आणि गवसांच्या लेखनावर आधारलेला राजीव पाटील यांचा २००९चा ‘जोगवा’ चित्रपट, ही नावं वाचकांना माहीत असतील.

जट असलेली प्रत्येक बाई देवदासी नसते, हेही इथेच सांगायला हवं. घरसंसार करणाऱ्या, नातवंडं असलेल्या अनेक बायका जट बाळगतात. त्यांच्यासाठी ती नवऱ्याच्या आयुष्याची, मुलाच्या दुखण्यातून उठण्याची हमी असते. चर्चेत हे दोन गट नेहमी एकत्र केले जातात आणि त्यामुळे बरीच गफलत होते.

कात्रीची बाजू

देवदासी प्रथेविरुद्धचं संघटित काम गडहिंग्लज, निपाणी या भागांत १९७०च्या दशकापासून उभं राहिलं. जटेवर स्वतंत्र मोहीम चालवली ती प्रामुख्यानं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं (अंनिस). डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ही समिती १९८९ साली स्थापन केली. नागपूर हे श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं केंद्र. ती १९८२ सालची, म्हणजे याही आधीची. विदर्भात भोंदूगिरी, भानामती, करणी यांविरुद्ध तिचं काम मोठं आहे.

जट सोडवण्याच्या कामात सध्या सर्वांत ठळक नाव पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं. त्या मूळच्या ब्यूटिशियन. केस हा त्यांच्या व्यवसायाचाच विषय होता. महाराष्ट्र अंनिसच्या कार्यकर्त्या म्हणून त्यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. या कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी बाईशी बोलायचं, मग घरातल्यांशी, अनेकदा गावातल्या वजनदार माणसांशी. जट कशी होते हे समजावायचं. ती कापलेल्या दुसऱ्या बायकांचे अनुभव सांगायचे. कापायला काही मिनिटं लागतात, तयार व्हायला कित्येक भेटी जातात.

या बाजूचे मुद्दे स्पष्ट आहेत. जट जड असते. मान दुखते, डोकं दुखतं, कुशीवर झोपता येत नाही. आत उवा होतात, ओल राहते, जखमा चिघळतात. वासामुळे लोक जवळ बसत नाहीत, कामावर ठेवत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलीची जट हे तिला देवीला सोडण्याचं निमित्त ठरतं. कापल्यानंतर घरात कुणी मेलं नाही, कुणी आंधळं झालं नाही, हा त्यांचा सर्वांत परिणामकारक युक्तिवाद. तो पुस्तकातला नाही, शेजारच्या गावातल्या बाईकडे बोट दाखवून करता येतो. सोडवण्याऐवजी कापण्यावर त्यांचा भर का, यालाही कारण आहे. वर्षांनुवर्षांची जट सुईनं मोकळी करायला दिवसच्या दिवस लागतील, आणि मोठ्या मुश्किलीनं मिळालेला होकार तेवढे दिवस टिकेलच असं नाही.

राखण्याची बाजू

दुसरी बाजू भक्तांची आहे आणि ती बहुधा लेखी नसते. ती इतरांच्या लेखनातून आपल्यापर्यंत येते.

श्रीलंकेचे मानववंशशास्त्रज्ञ गणनाथ ओबेसेकेरे यांनी ‘मेडुसाज हेअर’ (१९८१) या पुस्तकात कतरगाम या तीर्थक्षेत्रातल्या जटाधारी स्त्रियांचा अभ्यास केला. एडमंड लीच यांनी १९५८ साली केसांच्या प्रतीकांचा अर्थ सामाजिक असतो, व्यक्तीच्या मनात डोकावून तो लागत नाही, अशी मांडणी केली होती. ओबेसेकेरे यांचं उत्तर असं की जट ही दोन्ही असते. ती समाजाला कळणारी खूण असते आणि त्या बाईच्या स्वतःच्या दुःखातून, नवऱ्याशी तुटलेल्या नात्यातून, अपराधभावातून आलेली असते. दैवतानं दिलेली देणगी म्हणून ती स्वीकारताना काही बायकांनी शय्यासंबंधांतूनही स्वतःला सोडवून घेतलं.

उत्तर कर्नाटकातल्या यल्लम्माच्या जोगतिणींबद्दल ल्युसिंडा रँबर्ग यांनी २००९ साली एक निबंध आणि २०१४ साली ‘गिव्हन टु द गॉडेस’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं : सुधारकांना जटेत घाण दिसते, जोगतिणींना तिच्यात देवी दिसते, आणि शाम्पूची बाटली घेऊन येणारी सुधारणा ही केवळ आरोग्याची गोष्ट नसते. कोणता देह सभ्य, कोणता धर्म खरा, हेही ती ठरवत असते. जट गेली की घाण जाते. त्याबरोबर त्या बाईचा मान, जोगवा मागण्याचा हक्क आणि देवीच्या नावानं बोलण्याची ताकदही जाते. त्या बदल्यात तिला काय मिळतं, असा त्यांचा प्रश्न आहे.

यावर सुधारकांचं उत्तरही तितकंच वजनदार आहे. उपाशी घरातल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर आलेला मान हा तिनं निवडलेला नसतो. ज्या मानाबरोबर पुढे लैंगिक शोषण येतं, त्याला ताकद म्हणणं लांबून सोपं आहे. मला यात दोन्ही बाजूंचं पटतं ते असं : रँबर्ग यांचा प्रश्न प्रौढ जोगतिणीच्या बाबतीत लागू पडतो आणि सुधारकांचं उत्तर लहान मुलीच्या बाबतीत. दोघंही अनेकदा वेगवेगळ्या बाईबद्दल बोलत असतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात केसांवरून झालेला याहून जुना झगडा आहे, आणि तो उलट्या दिशेचा होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. तिथे सुधारणा म्हणजे कात्री, वस्तरा खाली ठेवणं. इथे सुधारणा म्हणजे कात्री उचलणं. दोन्हीकडे प्रश्न केसांचा कमी आणि बाईच्या डोक्याबद्दल कोणी ठरवायचं याचा जास्त होता.

अलीकडे यात एक नवी जट आली आहे. मोठ्या शहरांतल्या सलूनमध्ये तरुण मुलं-मुली पैसे मोजून, तासन्‌तास बसून, क्रोशाच्या सुईनं ड्रेडलॉक्स करून घेतात. हे लोक डोकं धुतात, कंटाळा आला की कापतात, आणि कुणी त्यांना देवीला सोडत नाही. केस तेच, गुंताही तोच. यावरून एवढं तरी म्हणता येतं की जट आपोआप घाणेरडी किंवा आपोआप घातक नसते. पाण्याची बंदी आणि कात्रीची भीती काढून टाकली की तिचा बराचसा उपद्रव जातो.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगायचं तर जटेबद्दल नाव घेऊन काही म्हणत नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकानं १९८२ साली मुली देवाला वाहण्यावर बंदी घातली, महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५चा. तिन्हींचा रोख वाहण्याच्या कृतीवर आहे. डोक्यावर जट असणं हा गुन्हा नाही आणि असूही नये. दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३च्या हत्येनंतर चारच दिवसांत वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकारच्या कृती आहेत. उपचारापासून रोखण्याचं कलम त्यात आहे, पण ते कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यावर औषधोपचार घेऊ न देण्यापुरतं. देवीच्या कोपाची भीती घालून मुलीचे केस विंचरू न देणं त्यात सरळ बसत नाही. ते बसवावं की नाही यावर मतभेद आहेत. कायद्यानं धाक बसेल असं काहींना वाटतं. घरातल्या आजीवर गुन्हा दाखल करून काय साधेल, असं इतरांचं म्हणणं आहे. मला दुसरं म्हणणं अधिक व्यवहारी वाटतं. समजूत घालणारे कार्यकर्तेही आजवर पोलिसांपेक्षा चहाच्या कपावरच अधिक विसंबून राहिले आहेत.

न सुटलेलं

जटेवरचं लेखन दक्षिण महाराष्ट्र, पुणे आणि उत्तर कर्नाटकाभोवती फिरतं. विदर्भ त्यात नावालाच आहे. लकडगंजसारख्या वस्तीत, जिथे कच्छी व्यापारी आहेत, छत्तीसगढी मजूर आहेत, मराठी कष्टकरी आहेत, तिथे गुंत्याला कोण कोणता अर्थ लावतं हे यल्लम्माच्या चौकटीतून कळणार नाही. इथून पचमढीच्या महादेवाला दरवर्षी मोठी गर्दी जाते. त्या यात्रेत जटेला कोणता अर्थ आहे, हेही सौंदत्तीवरून कळणार नाही.

दुसरा प्रश्न कापण्यानंतरचा. जट गेल्यावर बाईच्या आयुष्याचं काय झालं, याच्या कहाण्या आहेत. पाच-दहा वर्षांनी पुन्हा जाऊन केलेली पद्धतशीर पाहणी मात्र हवी आहे. तिच्याशिवाय रँबर्ग यांच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही आणि कार्यकर्त्यांच्या यशालाही भक्कम आधार मिळणार नाही. मनाच्या आजाराचा धागाही असाच सुटून राहतो. ज्या बाईनं नैराश्यामुळे विंचरणं सोडलं, तिची जट कापून आजार जात नाही. लकडगंजातून मेयो रुग्णालय जवळ आहे, त्वचारोग आणि मनोविकार या दोन्ही विभागांकडे जाणं शक्य आहे. पण बाईला तिथे आणायचं कोणी, आणि आधी कुठल्या दारात, हे ठरवणारी साखळी अंनिसच्या कामातही नाही आणि रुग्णालयांच्या कामातही नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्वांत स्वस्तात सुटू शकतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मानेवरचा गुंता तेल, बोटं आणि थोडा वेळ यांनी सुटतो. तेव्हा कुणाला कापायला सांगावं लागत नाही, देवीशी भांडावं लागत नाही. शाळेतल्या बाईंना, अंगणवाडी सेविकेला, आशाताईला आणि गल्लीतल्या पार्लरवालीला हा गुंता सर्वांत आधी दिसतो. उवांसाठी शाळांमध्ये डोकी तपासली जातात, तिथेच मान पाहणं अवघड नाही. पण सगळी मोहीम जट झाल्यावर सुरू होते, कारण तेव्हाच ती दिसते, तेव्हाच तिचा फोटो निघतो आणि तेव्हाच बातमी होते. कोवळी जट न कापता सोडवण्यात किती यश येतं, याची आकडेवारी असती तर कात्रीला घाबरणाऱ्या कुटुंबांपुढे ठेवायला एक मधला मार्ग मिळाला असता.

आणि संमतीचा प्रश्न. प्रौढ बाईची जट तिच्या होकाराशिवाय कापू नये, यावर आज कार्यकर्ते आणि टीकाकार दोघंही सहमत आहेत. मुलीच्या बाबतीत मात्र आई-वडील जट राखायची म्हणतात आणि मुलीला ती नको असते, किंवा उलट मुलीलाच देवीची भीती वाटत असते आणि आई-वडील कापायला तयार असतात. पहिल्या प्रसंगी कार्यकर्त्यांनी मुलीची बाजू घ्यावी असं म्हणायला कुणाला अवघड जाणार नाही. दुसऱ्या प्रसंगी त्याच न्यायानं थांबावं लागेल, आणि किती वर्षांची होईपर्यंत थांबायचं याचं उत्तर अजून कोणत्याच बाजूनं दिलेलं नाही.